मधला शुक्रवार

मनामा, ६ ऑक्टोबर १९८२

प्रिय शब्बीर,

मुलाला कॅनडाला पाठवायचं मनात आहे म्हणून तू विचारलंस, अमेरिकन आणि कॅनेडियन यांच्यात फरक तो काय? शाळा मी सातवीत सोडली, पण मीना सलमान बंदरावरच्या या वर्कशॉपात दोघांबरोबर कित्येक वर्षं काढली आहेत. ऐकीव सांगत नाही.

आमच्या साहेबांपैकी वॉल्टर अमेरिकेचा, डग्लस कॅनडाचा. गावं एकाच नदीच्या समोरासमोरच्या काठांवर. डग्लसची आई वॉल्टरच्या गावची, लग्न होऊन पूल ओलांडला एवढंच. भाषा एक, सणाला भोपळ्याचा गोड पदार्थही एकच. तरी डग्लसला कुणी अमेरिकन म्हटलं की त्या दिवशी तो कुणाबरोबर चहा घेत नाही. बॅगेवर मेपलचं पान शिवलंय. वॉल्टर चिडवतो, तुमचा देश म्हणजे आमचा पोटमाळा. हा म्हणतो, म्हणूनच खालच्या दंग्याने आम्हाला झोप नाही.

राष्ट्रदिन डग्लसचा एक जुलैला, वॉल्टरचा चारला. मेजवानी मात्र एकच, मधल्या शुक्रवारी, झल्लाकच्या किनाऱ्यावर. झेंडे मी रंगवतो, एका फळीवर, एकाच उंचीचे. डग्लस पट्टी लावून तपासतो. त्याच्याआधी मी तपासलेले असतात.

यंदा जेवताना डग्लस सांगत होता, लहानपणी दर रविवारी आजीकडे पुलावरून चालत जायचो. नाक्यावरचा शिपाई एवढंच विचारायचा, आज आजीने काय केलंय? सगळे हसले. मी ताट खाली ठेवून उठलो. आपल्या जैतापुरात अकीलाचाची एकटी, तू कराचीत. पोरवयात मामाकडे कामाला गेलास आणि पासपोर्ट तिकडचा झाला. चौसष्टनंतर तिने लेकाचं तोंड पाहिलेलं नाही. व्हिसाचा अर्ज केलास की नकार.

तिथेच, वाळूत उभं राहून, मी दोघांना सारं सांगितलं. म्हटलं, दया नको, दोघांच्या इथल्या व्हिसासाठी कंपनीची सही हवी. कुणाची सही वर यावरून वाद घालत दोघांनीही केली.

म्हणून हे पत्र. तुझा बहारीनचा व्हिसा सोबत आहे. चाचीचाही झालाय. तुझी वहिनी मालू गावाहून परतताना, नोव्हेंबरात, तिला घेऊन येईल. आतली खोली तुम्हा मायलेकांना. रजा मिळत नाही, तिकीट महाग, असलं काही मला लिहू नकोस. तू येतोयस असं चाचीला मी कळवून टाकलंय, आणि तिने तुझ्यासाठी बांगडे सुकत घातलेत.

तुझाच,
शिवदास