केनीच्या डाव्या पायाची खूण

लॉर्ना,

आधीच सांगतो, केनी बरा आहे. गालाची सूज उतरली. तू पाठवलेला पीचचा मुरंबा आम्ही मामा-भाच्यांनी तीन दिवसांत संपवला. तुझा गुडघा काय म्हणतो?

आमचा बेसबॉल क्लब कुठले फलंदाज ठेवणार, ते माझ्या अहवालावर ठरतं. म्हणून सराव संपला की मी मातीतल्या पावलांच्या खुणा बघतो. मे महिन्यात गालावर चेंडू बसण्याआधी केनीचा डावा पाय नेमका एकाच जागी पडायचा. आता चेंडू फेकला की भीतीने तो पाय बाहेर पळतो. काल बघायला गेलो, तर तुझा लेक त्या खुणा बुटाने पुसत होता.

"मामा, एवढं लिहू नकोस ना."

"मग पाय रोवून उभा राहा," मी म्हणालो.

आज सामन्यात चेंडू थेट त्याच्या डोक्याकडे आला. तो पाय रोवून उभाच राहिला, मला दाखवायला. चेंडू कानाला चाटून गेला.

आज त्याचा पाय तसूभरही हलला नव्हता. तरी मी अहवालात लिहिलं, पाय बाहेर पळतो.

शुक्रवारच्या बसने तो घरी येईल. मला शिव्या घालेल, घालू दे.

तुझा भेदरलेला भाऊ,
वॉल्ट