फील्ड भेटलं

बाबा,

'फील्ड' हा शब्द आपल्या घरात तुम्ही आणलात, आणि त्याच शब्दाने यंदा माझा घात केला. म्हणून तुमच्याशीच बोलायला बसले आहे. तुमचा नातू तुम्ही पाहिला नाहीत. उंची तुमची, हट्टही तुमचाच. मी नको नको म्हणत असताना सैन्यात भरती झाला.

तहसील कचेरीत तुम्ही कारकुनाचे गिरदावर झालात आणि गावोगावच्या जमिनींची पाहणी तुमच्याकडे आली, तेव्हा मी शाळेत शिकत होते. कचेरीच्या दिवशी तुम्ही गप्प निघायचात, कारण साहेबाची बोलणी ठरलेली. पण एखाद्या सकाळी बाह्या दुमडत आईला म्हणायचात, "आज हापिस नाय, फील्ड हाय," आणि आईसुद्धा गुणगुणत भाकरी थापायची. सायकल, शेतांच्या हद्दी, पंचनामे, आणि दिवेलागणीच्या आत परत. पिशवीत कधी बोरं, कधी भुईमुगाच्या शेंगा. ज्या गावांत आजोबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, तिथे तुमच्यासाठी बाज टाकली जायची, "बसा, गिरदावरसाब." हे तुम्ही हसत हसत सांगायचात, पण दोन दोनदा सांगायचात. फील्ड म्हणजे मान, आणि संध्याकाळी घरी येणारा बाप. मला एवढंच ठाऊक.

पोरगा ट्रेनिंग संपवून सुट्टीवर आला, तेव्हा पहिली नेमणूक कुठे हे त्यालाच माहीत नव्हतं. फोन येईल, एवढंच सांगितलेलं. त्याचा फोन वाजला की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. बहुतेक वेळा कर्ज हवं का विचारणारी कुणी बाई निघायची, आणि मी तिच्यावर खेकसायची. गल्लीतल्या बायका रोज विचारायच्या, "कुठी पोस्टिंग भेटली वं?" जणू मीच ती पदराखाली दाबून ठेवली होती. मी नोकरी करते त्या शाळेतले तेलुगूचे सर म्हणाले, आपल्याच राज्यातलं सिकंदराबाद मिळणार, त्यांच्या साडूच्या मुलाला मिळालं होतं. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस काढले. स्वेटर पेटीत टाकायची आणि पुन्हा काढायची. तुमची नात, त्याची धाकटी बहीण, वैतागून म्हणायची, "माय, पेटीले तरी झोपू दे."

मग एका दुपारी तो अंगणात कुणाला तरी "जी साब, जी साब" म्हणाला आणि आत आला.

"माय, फील्ड भेटलं."

"मंग तं बरंच झालं बाप्पा! तुह्या आज्यालेबी फील्डच आवडे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हाव माय. बरंच झालं." मी गल्लीत साखर वाटली, बाबा. घरोघर जाऊन, स्वतःच्या हाताने.

तो गेल्यानंतर गुडीहत्नूरच्या स्टँडवर एक रिटायर फौजी भेटले. आमच्या शाळेजवळच राहतात. मी पेढ्याचा पुडा पुढे केला. त्यांनी डाव्या हाताने पेढा घेतला, उजव्याला दोन बोटं नाहीत. कशाचा पेढा ते ऐकलं आणि तो हातातच राहिला.

"बाई, तुमाले कोणी सांगतलं नाय काय? शांत ठिकाणाले आमच्यात पीस म्हन्तेत. फील्ड म्हंजे सरहद." मग माझं तोंड पाहून, "काऊन घाबरून राह्यल्या? पोरं येतेत ना परत."

सगळे येतात, असं मात्र ते म्हणाले नाहीत. बसमध्ये मला बसायला जागा होती, तरी मी उभीच राहिले.

घरी आल्यावर पोरीला विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हाव."

"मंग काऊन नाय सांगतलं?"

"तू साखर वाटून राह्यली होती, माय."

त्या रात्री आम्ही दोघी जेवलो नाही. आता पोराचा फोन आला की "ठीक हाव, जेवलो, ठेवतो" एवढंच. कुठे आहेस विचारलं की लाइन कटते, का तो कापतो, देव जाणे. तुमच्यासमोर देवाचं नाव घेतलं म्हणून रागावू नका, तोंडातून निघून जातं.

संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना घेते. शेवटी सगळ्यांचं मंगल मागायचं असतं. लहानपणी मी परीक्षेसाठी फक्त माझंच मागितलं, तर तुम्ही म्हणाला होतात, "एकट्यासाठी मांगायचं नसते, पोरी." आता 'सगळ्यांचं' म्हणताना माझी जीभ अडते. मला सगळ्यांचं नको आहे, बाबा, एकाचंच हवं आहे. काल तर मनात आलं, काही यायचंच असेल तर तिथे त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या पोरावर येवो. आलं, आणि मी ते झटकलंही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहून टाकते. ते बाजूचं पोरगं माझ्या ओळखीचं आहे. दोघांची नेमणूक एकाच ठिकाणी, एकाच गाडीने जायचे होते, म्हणून आदल्या दिवशी ते आपल्याकडे मुक्कामाला होतं. माझ्या हातची भाकरी मागून मागून खाल्ली आणि निघताना माझ्या पाया पडलं.