मीटर तुम्हीच वाचा, पावणं!

प्रिय इंदू,

टक्! किती वर्षं झाली, पण हा आवाज कानातून जात नाही. सकाळी दुकान उघडलंस की तू वायरी तपासायच्या मीटरच्या लाल आणि काळ्या पिना एकमेकींना टेकवायचीस आणि काचेआडचा काटा उडी मारून उजव्या टोकाला आपटायचा. मीटर ठीक आहे, एवढंच तुला बघायचं असायचं. मी आत शाळेत शिकवायला जायची तयारी करत कविता म्हणत असायचो. तो टक् बरोबर ओळीच्या शेवटी पडावा म्हणून माझी कोण धडपड! काय वेडेपणा, नाही?

आज लिहायला बसलो तो आपल्या प्रकाशमुळे. तुझं वर्षश्राद्ध आलं, पेपरात चार ओळी द्यायच्या आहेत. "बाबा, गेल्या वर्षीचाच मजकूर घालू," म्हणाला आणि कात्रण टेबलावर ठेवून कामाला गेला. त्यात छापलंय, 'प्रेमळ गृहिणी'.

इंदू, ते शब्द माझेच गं. जन्मभर पोरांना नेमका शब्द शोधायला शिकवलं आणि तुझ्या वेळी मला हाच सापडावा? गृहिणी तू होतीसच. पण तुझ्या वडिलांच्या मागं त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान उद्यमनगरात एकटीनं चालवलंस, ते कुठं गेलं?

मला पहिल्यांदा मीटर वाचायला लावलंस ते आठवतं? काटा पार उजवीकडे गेला आणि मी ओरडलो, "भरपूर आहे, भरपूर!" तू हातातलं टाकून हसत सुटलीस. "अहो कविराज, ओहमच्या पट्टीवर, विजेचा अडथळा मोजताना, शून्य उजवीकडं असतंय!" उलट्या दिशेनं मोजणारी ती पट्टी मला फार आवडली होती. तुला सांगितलं तर म्हणालीस, "आवडू दे, पण वाचायला शिका."

आणि मुरगूडचा महिपती? ऐंशी साल अजून लागायचं होतं. मे महिना, शाळेला सुट्टी, म्हणून ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. दुसऱ्या दिवशी बहिणीचं वऱ्हाड न्यायचं आणि जीपचा टेंपरेचरचा काटा सारखा लाल पट्टीत. त्याच्या मिस्त्रीनं निकाल देऊन टाकला होता, इंजिन खोलायचं. म्हणजे आठ दिवस जीप उभी. महिपती रडकुंडीला आलेला आणि मिस्त्री शेजारी हाताची घडी घालून उभा.

"बाई, असल्या काट्याच्या डबीनं इंजिन दुरुस्त हुतंय व्हय?"

"इंजिन बिघडलंय हे आधी ठरू दे की," तू म्हणालीस.

पाणी किती तापलं ते सांगणाऱ्या सेन्सरची वायर तू उपसलीस. वायर सुटली तरी काटा लाल पट्टीतच! मग बॅटरी सोडवलीस, वायरचं दुसरं टोकही मोकळं केलंस आणि दोन्ही पिना महिपतीच्याच हातात दिल्यास. तुझी ती रीतच होती. बाईच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही म्हटल्यावर तू गिऱ्हाइकालाच वाचायला लावायचीस.

"एक वायरला लावा, एक गाडीच्या पत्र्याला. मीटर तुम्हीच वाचा, पावणं!"

"उजवीकडं गेला की, बाई!"

"म्हणजे वायर कुठंतरी पत्र्याला लागलीया, म्हणून टेंपरेचर खोटंच वर दिसतंय. वायर ठीक असती तर काटा जागचा हलला नसता."

तू वायर वीत वीत हलवत गेलीस. एका क्लिपेपाशी महिपती ओरडला, "डावीकडं आला!" तिथं वायरीचं कातडं घासून तांबं उघडं पडलं होतं, त्यावर तू चिकटपट्टी गुंडाळलीस. सेन्सरही तू सोडला नाहीस. चहाच्या पातेल्यात तापत ठेवलेल्या पाण्यात तो पिना लावून धरलास. पाणी तापेल तसा मीटरचा काटा सावकाश उजवीकडे सरकत गेला. सेन्सर खरं बोलत होता, खोटी होती ती वायर.

मिस्त्री तरी हटेना. "घाटात उकळली म्हंजे?"

"उकळली तर उद्यापासनं हे दुकान बंद," म्हणालीस आणि मीटर मांडीवर घेऊन जीपमध्ये पुढं जाऊन बसलीस! मला विचारलंसुद्धा नाहीस. दुकान गेलं तर काय, या धास्तीनं मी पायरीवर बसून राहिलो. त्या दिवशी एक ओळ आठवेल तर शपथ.

दिवेलागणीला जीप परत आली. महिपती उतरला. "मास्तर, दोनदा मुरगूड गाठलं, काटा मध्यावरनं हलला न्हाय. सोन्यासारखी बाई हाय तुमची!"

माझी छाती फुगली होती. पण बोललो काय? "चहा टाकतेस का?" इंदू, तेव्हाच सांगायला हवं होतं गं! आणि तू तरी कशी, लगेच चहा टाकलास!

कात्रणातला तो शब्द मी खोडलाय. वर लिहिलंय, 'गाड्यांच्या वायरिंगच्या कारागीर'. उद्या सकाळी मी स्वतः मजकूर देऊन येईन आणि छापून येईपर्यंत कोणाला त्यातलं अक्षरही बदलू देणार नाही. हा माझा शब्द.

थांब हं, दार वाजलं.

इंदू, दारात एक अनोळखी तरुण मुलगी उभी आहे. शाहूवाडीहून स्वतः गाडी चालवत आलीय. म्हणते, "आजोबा, वायरिंगवाल्या बाई हितंच ऱ्हात्यात न्हवं? गाडीचा काटा वर जातोय. गावात म्हणाले, इंजिन खोलायच्या आधी त्यांना दाखीव."

मी तिला आत बसवलंय, पाणी दिलंय. तू नाहीस, हे मला आता तिला सांगायचंय.

तुझाच,
'अहो'