दादाच्या इमारतीविरुद्ध एक मत

प्रिय दादा,

तुझ्या प्रकल्पाला पालिकेचा निधी काल एका मतानं नाकारला गेला आणि ते मत माझं होतं. मी निवडून आले तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवणारा तू, काल माझ्याकडे न बघताच निघून गेलास.

खाली दुकानं, वर घरं ही तुझी कल्पना मला आजही आवडते. पण मी सभेत विचारलं, "तिथल्या जुन्या भाडेकरूंचं काय?" तू हसत म्हणालास, "त्यांना शहराबाहेर स्वस्त पडेल." तिथल्या इस्त्रीवाल्या मावशी समोरच बसून ऐकत होत्या. त्यांच्याच करातून त्यांनाच हाकलायचं? मी विरोधात हात वर केला.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "तुझं बरोबर होतं गं, पण रविवारी जेवायला येऊ नकोस. हे फार चिडलेत."

मी येणार आहे. त्या भाडेकरूंना तिथेच परवडणारी घरं दे, मग निधीसाठी सभेत मीच भांडेन. पत्र पाठवलं तर तू न वाचताच फाडशील, म्हणून हे तोंडावर सांगेन. तू दार उघडलं नाहीस तर वहिनी उघडेल.

तुझ्याइतकीच हट्टी,
धाकटी