औषधाच्या कागदावरचं वाक्य

वहिनी,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन फाडली. हेही बहुतेक टपालात पडणार नाही.

औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ते माहितीचे कागद छापण्याआधी तपासायचे, हे माझं वीस वर्षांचं काम. तेवढ्यावर तुम्ही मला घरातला अर्धा डॉक्टर करून टाकलंत आणि मीही ते मिरवलं. आजाराच्या आठव्या दिवशी दादाला धाप लागली, डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्याने तुमच्या नकळत मला फोन केला. त्या गोळ्यांचा कागद मला तोंडपाठ होता. 'या औषधाने प्रतिकारशक्ती कमी होते.' मी म्हणालो, "अरे, विषाणूशी लढायचं आणि आपलीच शक्ती कमी करायची? थांब दोन दिवस."

तो थांबला.

दादा गेल्यावर डॉक्टर आपल्याला म्हणाले, "विषाणू जवळजवळ संपला होता. शरीराचा प्रतिकारच आवरेना, त्यानेच फुप्फुसं सुजली. गोळ्या तो आवरायलाच होत्या. का लागू पडल्या नाहीत, कळत नाही." तुम्ही रडत होतात. न फोडलेलं पाकीट माझ्या खिशात होतं. दादाच्या उशीखालून मीच काढलं होतं.

काल तुमचा फोन आला. मुलीला ताप आहे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, देऊ का?

"डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग द्या," मी म्हणालो.

"पण तुम्ही एकदा कागद बघा ना, भाऊजी. मला तुमचाच काय तो भरवसा."

तुमचा दीर