हिरवा दिवा

सर, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि हे सांगायला मी आज बसले आहे. गोबरगॅसच्या टाकीतला विषारी वायू ओळखणारा, बॅटरीवर चालणारा एक डबा मी बनवला होता. निरवांगी गावात त्या डब्यावर विसंबून एक माणूस मेला.

बारामतीतल्या तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात मी माझा पहिला अलार्म घेऊन आले होते, तेव्हा कॉलेजात होते. मी बटण दाबते, अलार्म खणखणीत वाजतो, मी तुमच्या तोंडाकडे बघते. तुम्ही त्यातले नवे सेल काढता आणि टेबलावरचे वापरलेले घालता. अलार्म एकदा कण्हतो आणि गप्प होतो. “नव्या सेलवर कुणाचंबी चालतंय,” तुम्ही म्हणालात. “सेल मरायला टेकल्यावर ते काय करतंय ते बघ, मग माझ्याकडं ये.” जळोचीतल्या घरापर्यंत मी सायकलवर रडत गेले. पुढच्या खेपेला तुम्ही तसल्याच मरायला टेकलेल्या सेलची पिशवी माझ्या हातात दिलीत आणि पुन्हा कामाला लागलात.

निरवांगीचा तो माणूस चाळिशीचा होता. गोठ्याचं सगळं तोच बघायचा. थंडीतल्या एका सकाळी टाकी साफ करायची म्हणून, मी शिकवलं होतं तसं, त्यानं आधी डबा दोरीनं आत सोडला. आत गॅस होता आणि डब्यानं तो ओळखलाही. पण भोंगा आणि मोबाइलवर निरोप पाठवणारा भाग एकदम सुरू झाले. गारठलेल्या, जुन्या बॅटरीला तो भार पेलला नाही. आवाज फुटायच्या आतच डबा बंद पडला, आपोआप सुरू झाला, पुन्हा बंद पडला. असं नऊ वेळा झालं. आतल्या नोंदींत मी ते मोजलं. सुरू होताना दर वेळी हिरवा दिवा लागायचा. तो मीच ठेवला होता, डबा चालू आहे एवढंच कळावं म्हणून. त्यानं वरून हिरवा दिवा बघितला आणि तो खाली उतरला.

आता बंद पडून सुरू झालेला डबा, हवा तपासून होईपर्यंत लाल दिवाच दाखवतो. भोंगा आधी वाजतो, निरोप नंतर जातो. बॅटरी दमली की तसं सांगतो. हे सगळं मला तीन दिवसांत जमलं. तीनच दिवस लागले, हे मला अजून सहन होत नाही.

महिन्याभरानं मी त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं चहा केला, समोर बसली आणि म्हणाली, “बाई, एकच इचारते. डबा वरडला हुता का?”

मी हो म्हणाले.

तिनं चहाचं भांडं उचललं. मग म्हणाली, “म्हंजे त्यांनीच आईकलं न्हाय. कुणाचं आईकायचेच न्हाईत.” आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला. मी तो प्यायले.

सर, हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं होतं. तुमच्या नावानं लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही.