रविराजरावांना गाडी देता येत नाही, त्याबद्दल

माधवनगर, सांगली
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

सकाळी पाणी भरलं. गाडी पुसली. भाजी केली नाही, कालची होती. दहाला लिहायला बसलो.

ती. मल्हारराव यांना सादर नमस्कार.

तुमची साखर आटोक्यात असेल आणि वहिनींचे गुडघे महाबळेश्वरच्या पावसात राहतात तेवढे बरे असतील, अशी आशा आहे. मी ठीक आहे. वेळेवर जेवतो. (दर फोनला विचारता, म्हणून आधीच कळवलं.) फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र.

विषय मोटरसायकलचा. तुमच्या बहिणीला, मंगलला, जाऊन आठ महिने झाले, आता एकट्या माणसाला गाडी कशाला, दसऱ्याला तुमचे जावई रविराजराव येऊन घेऊन जातील, असं तुम्ही परस्पर ठरवलंत. दुसऱ्याचं ठरवणं तुम्हाला पहिल्यापासून चांगलं जमतं. पण गाडी देण्याजोगी नाही. का, ते लिहितो.

गाडी २०१७ सालची. पुढच्या चाकाला एबीएस आहे, म्हणजे करकचून ब्रेक मारला तरी चाक आवळून गाडी घसरू नये अशी सोय. ती हवीच असा हट्ट मंगलचा होता, कारण मागे तीच बसणार होती. गेल्या दसऱ्यानंतर या एबीएसचा पिवळा दिवा मीटरवर लागला, तो विझेना. ती म्हणायची, दाखवा कुणाला तरी. मी म्हणायचो, बघू.

या उन्हाळ्यात सांगलीतल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथे एसीत बसवतात, पाणी विचारतात आणि गाडीपाशी जाऊ देत नाहीत. शर्ट खोचलेल्या एका गृहस्थाने गाडीला लॅपटॉप लावला आणि पुढचं चाक फिरतंय हे गाडीला कळत नाही, असं निदान केलं. (मी त्याच चाकावरून आलो होतो, मला कळत होतं.) चाक उघडून बघता का, विचारलं. तशी पद्धत नाही म्हणाले. अख्खं युनिट बदलायचं, आणि जुन्या मॉडेलचं युनिट आता येत नाही. एवढं शिकलेला माणूस, आणि उपाय काय, तर जे मिळत नाही ते बसवा.

मग तुमचा सल्ला आला: साताऱ्याला इंद्रजितकडे न्या, आपला माणूस आहे. सव्वाशे किलोमीटर नेली. तुमच्या माणसाने गाडीकडे न बघताच सुरुवात केली, "पावनं, एबीएस म्हंजे शेरातल्या लोकांचं नखरं. आपल्या आज्यानं कवा एबीएस लावलं हुतं?" माझे आजोबा बैलगाडी हाकायचे, हे मी बोललो नाही. अर्ध्या तासात दिवा गेला. मी त्याचे दोनदा आभार मानले, त्याची अजून लाज वाटते.

परत येताना उंब्रजच्या अलीकडे म्हैस आडवी आली. ब्रेक मारला, चाक आवळलं, गाडी एकीकडे आणि मी घाणेरीच्या झुडपात. म्हैस रवंथ करत उभी. तिच्या मालकीणबाईंनी (रंगूबाई, नाव नंतर कळलं) आधी म्हैस चाचपली, मग माझ्याकडे वळल्या. "आवं, येवढी म्हस दिसंना व्हय तुमास्नी? का तिच्या शिंगांवर पाटी लावू?" मग पाणी दिलं, कोपराला हळद लावली आणि विचारलं, "घरी हाय न्हवं कोन बघायला?" मी हो म्हणालो.

घरी येऊन मीटरवर टॉर्च मारला. काचेच्या आत, बरोबर दिव्यावर, काळी चिकटपट्टी. नखाएवढी, चारी बाजूंनी सरळ कापलेली. तुमच्या माणसाच्या हाताला सफाई नाही, असं कोण म्हणेल!

तर अशी गाडी रविराजरावांच्या हाती देणं बरं दिसत नाही. लग्नाला वर्ष झालेलं नाही. मागे तुमची सोनिया बसणार. वहिनींना नमस्कार, सोनियाला आशीर्वाद.

तुमचा,
नाथाजी

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण मंगळवारपर्यंतचं. बुधवारी इथल्या लियाकतभाईंकडे गेलो. त्यांनी लॅपटॉप लावला नाही, कुणाचा आजा काढला नाही, चाक काढलं. आत एक खाचांचं कडं असतं, शेजारचा सेन्सर त्यावरून चाकाचा वेग मोजतो. त्या दोघांच्या मधे बारीक तार गुंतलेली, कुंकवाने थिजलेली, तिच्यात झेंडूचं एक वाळकं देठ. दसऱ्याला लोक हार हँडलला घालतात. मंगल चाकापाशी बांधायची, कारण पळतं ते चाक. आणि तारेने बांधायची, कारण दोरा तुटतो. लियाकतभाई म्हणाले, "भाभींनी बांधलंय व्हय? तरीच सुटंना." त्यांना पक्कड दोनदा लावावी लागली. चिकटपट्टीही त्यांनीच काढली. आता गाडी चालू करताना दिवा लागतो आणि गाडी हलली की विझतो, म्हणजे हवा तसाच. गाडी उत्तम आहे. मी ती देणार नाही. हे एक वाक्य लिहायला मला एवढी पानं लागली, त्यात थोडा दोष तुमचाही आहे.

ता. क. २. आम्ही गाडीवरून तुमच्याकडे आलो होतो तेव्हा मंगलला बरं वाटेना, म्हणून तुम्ही स्वतः तिला टॅक्सीतून इथवर आणून सोडलंत, ते मी विसरलेलो नाही. त्या दिवशी तिचं निळं हेल्मेट तुमच्याकडे राहिलं. ते एसटीच्या पार्सलने पाठवा. आतून पुसू नका.

गिरणी एकला बंद होते. दळणाचा डबा घेऊन निघतो.